ट्रिस्टन दा कुन्हा: हलवलेली माणसं परत का गेली

तुमचे प्रश्न तीन आहेत. दक्षिण अटलांटिक महासागरातल्या ट्रिस्टन दा कुन्हासारख्या एकट्या ब्रिटिश बेटावर लोक राहतात तरी का, त्यांना केप टाउनला का हलवत नाहीत, आणि आपल्याला तिथे कायमचं राहता येईल का. मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरातच पहिल्याचं उत्तर आहे. त्यांना एकदा हलवून झालंय, १९६१ साली. ते परत गेले.

मी मालवाहू बोटींवर नोकरी केली. ब्राझीलहून पूर्वेकडे जाताना हे बेट दोनदा लांबून पाहिलं, उतरलो कधीच नाही. पहाटेच्या वॉचला आधी ढगांची रास दिसते. उजाडलं की कळतं, ढगाच्या पोटात डोंगर आहे. ज्वालामुखीनं समुद्रतळापासून उभारलेला सुळका, पाण्यावरची उंची २,०६२ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरनी जास्त, आणि तोही जेमतेम अकरा-बारा किलोमीटर रुंदीच्या बेटावर! कडे सरळ दर्यात उतरतात. वायव्येला पायथ्याशी थोडी सपाटी आहे आणि सगळी वस्ती तिथेच, एडिंबरो ऑफ द सेव्हन सीज हे एकमेव गाव. १८६७ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरो येऊन गेला, त्याच्यावरून हे नाव पडलं. गावातले लोक मात्र नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणतात. माणसं अडीचशेच्या आत. शेजारचं वस्तीचं बेट सेंट हेलेना, सुमारे २,४०० किलोमीटरवर. केप टाउन त्याहून लांब आहे. विमानतळ नाही. केपहून बोटीनं आठवडाभर तरी धरा, आणि पोचल्यावरही दर्या खवळलेला असेल तर उतरायला दिवसचे दिवस थांबावं लागतं.

नावाशी आपला जवळचा संबंध आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. १५०६ मध्ये हिंदुस्थानाकडे निघालेल्या पोर्तुगीज ताफ्याचा सरदार त्रिस्तांव द कुन्हा याला हे बेट दिसलं. समुद्रामुळे उतरता आलं नाही, पण नाव त्याचं राहिलं. याच माणसाचा मुलगा नुनो द कुन्हा पुढे पोर्तुगीजांचा इथला गव्हर्नर झाला. राजधानी कोचीहून गोव्याला त्यानंच आणली आणि १५३४ मध्ये गुजरातच्या बहादुरशहाकडून वसईही मिळवली. वसईचा किल्ला पाहताना बापाच्या नावाचं ते बेट मला दरवेळी आठवतं.

वस्ती झाली ती नेपोलियनमुळे. त्याला सेंट हेलेनावर कैदेत ठेवल्यावर त्याच्या सुटकेसाठी कुणी या बेटाचा उपयोग करू नये म्हणून इंग्रजांनी १८१६ मध्ये इथे शिबंदी बसवली आणि वर्षभरात परत बोलावली. तेव्हा विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश कॉर्पोरल बायको-मुलांसह मागे राहिला, सोबत दोन गवंडी. त्यांनी एक करार लिहिला. सगळा माल समाईक, नफा सारखा वाटायचा, आणि कुणी कुणापेक्षा वरचढ नाही. मला विचाराल तर या बेटाचा सगळा इतिहास त्या एका कागदात आहे.

पुढची माणसं दर्यानंच आणली. १८२७ मध्ये सेंट हेलेनाहून पाच बायका लग्नासाठी आल्या. ओळखदेख नसलेल्या पुरुषांसाठी इतक्या लांब निघालेल्या त्या बायकांबद्दल फार थोडं लिहिलं गेलंय, याचं मला वाईट वाटतं. गाव टिकलं ते त्यांच्यामुळे. एक डच खलाशी फुटलेल्या बोटीवरून आला आणि त्याच्या ग्रून आडनावाचं ग्रीन झालं. १८९२ मध्ये ‘इटालिया’ नावाचं जहाज फुटलं, त्यावरचे कामोल्ली गावचे दोघे राहिले. लाव्हारेल्लो आणि रेपेत्तो ही घराणी त्यांची. गावातलं इस्पितळ आज कामोल्लीच्या नावानं आहे. इतक्या थोड्या पूर्वजांची ही संतती असल्यामुळे दमा घरोघर आहे, त्यावर संशोधनही झालंय.

दर्यानं घेतलेही तितकेच. २८ नोव्हेंबर १८८५ ला पंधरा पुरुष एका जाणाऱ्या जहाजाशी देवाणघेवाण करायला होडीतून गेले आणि कुणीच परतलं नाही. इतक्या लहान गावातले पंधरा कर्ते पुरुष एका दिवसात. आमच्या हर्णैच्या बंदरावर वाढलेल्या माणसाला त्या संध्याकाळची वाळू डोळ्यापुढे आणायला कष्ट पडत नाहीत.

आता १९६१. ऑगस्टपासून धरणीकंपाचे धक्के सुरू झाले आणि ऑक्टोबरात गावाला लागूनच जमीन फुगून फाटली. लोकांनी एक रात्र बटाट्याच्या शेतांवरच्या खोपटांत काढली, मग होड्यांतून शेजारच्या नाइटिंगेल बेटावर गेले. तिथून एका डच जहाजानं केप टाउनला आणि मग इंग्लंडला. २६४ माणसं, म्हणजे अख्खं गाव. साउदॅम्प्टनजवळ कॅलशॉटला त्यांना घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. पण थंडीतल्या सर्दी-खोकल्यांची त्यांच्या छातीला सवय नव्हती, काही म्हातारी माणसं गेली. १९६२ च्या अखेरीस मतदान झालं: परत जायचं १४८, राहायचं ५. लाव्ह्यानं शेवंडांचा (लॉब्स्टरचा) कारखाना आणि होड्या लावायचा किनारा गिळला होता, पण घरं बहुतेक शाबूत होती. १९६३ मध्ये गाव पुन्हा नांदू लागलं.

का गेले? पगार, दुकानं, डॉक्टर सगळं सोडून? घरच्या ओढीनं, हे उत्तर खरं आहे पण अपुरं आहे. कॅलशॉटला ते घड्याळावर चालणारे मजूर होते. बेटावर आपल्याकडच्या इर्जिकीसारखं काम चालतं. कुणाचं छप्पर घालायचं, कुणाची होडी ओढायची, गाव जमा होतं. जमीन सगळ्यांची आहे, ती विकता येत नाही. बटाट्याची शेतं गावापासून तीनेक किलोमीटरवर, काळ्या दगडांच्या गडग्यांनी वाऱ्यापासून राखलेली. प्रत्येक घरानं गुरं-मेंढरं किती पाळायची यालाही मर्यादा आहे; चराई टिकावी हे एक कारण, आणि एक घर इतरांपेक्षा गबर होऊ नये हे दुसरं. म्हणजे ग्लासच्या कराराचा तो १८१७ चा कागद अजून लागू आहे. शेवंडांवर गावाचं पोट चालतं. दर्या शांत असला की पहाटे घंटा होते आणि होड्या सुटतात. तो दिवस मासेमारीचा, बाकी कामं बाजूला.

हे सगळं किती नाजूक आहे ते मार्च २०११ मध्ये दिसलं. ब्राझीलहून सोयाबीन घेऊन निघालेलं ‘ऑलिव्हा’ जहाज नाइटिंगेलच्या खडकावर आदळलं. मी ज्या वाटेनं गेलो तीच ही वाट, त्यामुळे ती बातमी मला लागली. खलाशी सगळे वाचले, पण तेल पसरलं. गावकऱ्यांनी तीन हजारांवर रॉकहॉपर पेंग्विन आणून धुतले, पोहण्याचा तलाव त्यांना दिला. बहुतेक वाचले नाहीत. २०२० मध्ये याच लोकांनी भोवतालचा जवळजवळ सात लाख चौरस किलोमीटर समुद्र राखीव केला. आपली शेवंडांची जागा तेवढी मासेमारीला ठेवली.

आता तिसरा प्रश्न. नाही, राहता येत नाही. बाहेरच्याला तिथे जमीन घेता येत नाही आणि वस्तीही करता येत नाही. मला हा नियम योग्य वाटतो. कोकणात सड्यावरची जमीन बाहेरच्यांनी विकत घेतल्यावर गावकीचं काय होतं ते मी पाहिलंय. शिक्षक किंवा डॉक्टर म्हणून मुदतीच्या कामावर मात्र माणसं जातात. पाहायला जायचं असेल तर आधी बेटाच्या कौन्सिलची परवानगी काढा, मगच बोटीचं बघा. बोटीवर जागा मोजक्या असतात आणि आजारी माणूस किंवा घरी परतणारा बेटकरी असेल तर पहिला मान त्याचा. परतीच्या तारखेच्या पुढे किमान तीन आठवडे मोकळे ठेवा, आणि जाताना लोकरीचे कपडे न्या. तिथल्या उन्हाळ्यातही वारा बोचतो.