तेरा मात्रांची चूक

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझं संगीत लावलेली सिनेमाची जी अकरा मिनिटं तू पाठवलीस, ती मी तीनदा पाहिली. पहिल्यांदा जशी आहेत तशी, दुसऱ्यांदा डोळे मिटून, आणि तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. खरं सांगू? कॉरिडॉरमधून चालत येणाऱ्या त्या बाईची काळजी मला तिसऱ्या खेपेलाच सगळ्यात जास्त वाटली. रागावू नकोस. हे ऐकून घेण्याची वेळ माझ्यावरही आली होती, आणि तेव्हा मी चांगला आठवडाभर रुसून बसलो होतो.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, ‘आता कोणता सिंथ (सिंथेसायझर) घेऊ?’ कोणताच नको. तुझी प्रोजेक्ट फाइल उघडून पाहिली. सेहेचाळीस ट्रॅक, त्यातले एकतीस नुसते पॅड, म्हणजे मागे धरून ठेवलेले लांब, पसरट सूर. एकाही पॅडला तू हात लावलेला नाहीस. प्रीसेट, म्हणजे तयार आवाज, उघडला, कीबोर्डची एक की दाबली आणि शॉट संपेपर्यंत धरून ठेवली. चार सेकंदांत कान त्या आवाजाला सरावतो, मग तो आवाज असून नसल्यासारखा होतो. तुलाही ते जाणवलं असणार, म्हणूनच त्यावर दुसरा पॅड चढवलास, मग तिसरा. गोधडीवर गोधडी. ऊब काही आली नाही, वजन तेवढं वाढलं.

सिनेमातला सिंथ जगतो तो एकाच सुराच्या पोटात काय बदलत जातं त्यावर. व्हायोलिनवाला एक सूर धरतो तेव्हा गज, बोट, श्वास सगळं आपसूक हलत असतं. यंत्र असं काही फुकट देत नाही. ते हलणं तुलाच घालावं लागतं.

आज रात्री एवढं करून बघ. सगळे ट्रॅक म्यूट कर. एक साधा सिंथ घे, रिव्हर्ब-डिले (घुमारा आणि प्रतिध्वनी) बंद, एकच ऑसिलेटर, म्हणजे सूर निर्माण करणारा भाग, आणि सॉटूथ, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखी लहर. ११० हर्ट्झचा सूर धर. बाटलीत अडकलेल्या माशीसारखा आवाज येईल. आता दुसरा ऑसिलेटर त्याच सुरावर लाव आणि फाइन ट्यूनिंगनं त्याला सुमारे आठ सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) वर सरकव. म्हणजे तो ११०.५ हर्ट्झच्या आसपास आला. दोघांत फरक अर्ध्या हर्ट्झचा, म्हणून दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगेल आणि एकदा ओसरेल. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा मिळवताना जो हेलकावा ऐकू येतो आणि तारा जुळत आल्या की मंदावत जातो, तोच हा. तिथे आपण तो घालवायला बघतो, इथे मुद्दाम ठेवायचा.

तुझा कॉरिडॉरचा शॉट बरोबर आठ सेकंदांचा आहे. म्हणजे चार हेलकावे. चौथा ओसरताना ती दाराशी पोचते. मी तुझ्या फाइलवर लावून पाहिलं, काहीही न जुळवता ते जुळतं. आता तोच आवाज एक सप्तक वर वाजव, आठ सेंटचा फरक तसाच ठेवून. हेलकावा आपोआप दुप्पट वेगाने, सेकंदाला एक असा येईल. लय वाढवली नाहीस, आवाज वाढवला नाहीस, तरी बघणाऱ्याच्या छातीत काहीतरी घाईला येतं. एकतीस पॅडनी जे जमलं नाही ते दोन ऑसिलेटर करून जातात.

मग लो-पास फिल्टर, खालचे आवाज जाऊ देणारा आणि वरचे अडवणारा. कटऑफ, म्हणजे जिथून तो अडवायला लागतो ती सीमा, इतका खाली आण की भिंतीपलीकडून आल्यासारखी नुसती घरघर उरेल. शॉट चालू कर आणि कटऑफ हाताने उघडत ने. माउसने रेघ ओढू नकोस, खरी नॉब फिरव आणि तो हात रेकॉर्ड कर. हात मध्येच थबकेल, थोडा पुढे जाऊन मागे येईल. ते पुसू नकोस. सरळ रेघेत उघडणारा फिल्टर लिफ्टच्या दारासारखा वाटतो.

संगीतकार व्हँजेलिसची जादू बरीचशी अशाच हातात होती. त्याच्या ‘ब्लेड रनर’ या सिनेमात (१९८२) ज्याचा आवाज ऐकून तू या वाटेला लागलास, तो यामाहाचा सिंथ, सीएस-८०, म्हणजे शंभर किलोच्या घरातलं अवजड धूड. पण त्यात प्रत्येक कीचा दाब वेगळा ओळखला जायचा. पाच सूर धरले असताना एकाच बोटाचा दाब वाढवला तर तेवढाच सूर उजळायचा, बाकीचे चार होते तिथेच. वर एक पट्टी होती, तिच्यावरून बोट सरकवून मींड घेता यायची. नोटेशन लिहीत न बसता समोर चित्र लावून वाजवण्याची त्याची पद्धत. आज तू त्या वाद्याची प्लगइनमधली नक्कल उघडतोस, ब्रासचा प्रीसेट लावतोस आणि म्हणतोस, तसा का वाजत नाही? तिथे वाजत होतं ते बोट, आणि नक्कल नेमकी त्याचीच होत नाही.

आणखी एक. सिंथ म्हणजे निऑन दिवे, पाऊस, रोबो, हे डोक्यातून काढून टाक. याच माणसाने त्याच्या एकच वर्ष आधी ‘चॅरियट्स ऑफ फायर’ केला. गोष्ट १९२४च्या ऑलिम्पिकमधल्या धावपटूंची, पडद्यावर सगळा जुना काळ, आणि संगीत तेव्हाच्या अगदी ताज्या यंत्रांवरचं. त्याला ऑस्कर मिळालं. त्याआधी संगीतकार जॉर्जिओ मोरोडरला ‘मिडनाइट एक्सप्रेस’साठी (१९७८) मिळालं होतं, ती तर तुरुंगातली गोष्ट, अंतराळातली नव्हे.

आता तेरा मात्रांचं सांगतो, कारण तुझ्या पाचव्या मिनिटाला तू जे केलंस त्याचा संबंध तिथे आहे.

‘द टर्मिनेटर’ (१९८४) ब्रॅड फीडेल नावाच्या संगीतकाराने जवळपास एकट्याने, सिंथवर केला. प्रॉफेट-१० या सिंथवर त्याने एक तालाचा तुकडा वाजवून लूप केला, म्हणजे तोच पुन्हा पुन्हा वाजत ठेवला. मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांशी जोडण्याची पद्धत, नुकतंच, १९८३ साली आलं होतं आणि त्याची यंत्रं त्याच्या आधीची, तेव्हा सगळं हाताने जुळवायचं. लूप बंद करायचं बटण त्याने किंचित लवकर दाबलं. आवर्तन पुरं होण्याआधीच तुकडा पुन्हा सुरू व्हायला लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर सम येते, पण पाय टेकवायला जावं आणि पायरी नसावी तशी. त्याला ते लंगडणं आवडलं, त्याने तसंच ठेवलं आणि वर सूर वाजवले. पुढे मोजल्यावर तो ताल १३/१६ निघाला: तीन-तीन-तीन-दोन-दोन. त्यावरचे धातूचे ठोके म्हणजे त्याने वाजवलेलं फ्राइंग पॅन. थांबवता न येणारं, पण आतून कुठेतरी बिनसलेलं यंत्र चालत येतंय, हे त्या तेरा मात्रा सांगतात. सोळा असत्या तर ती कवायत झाली असती.

तुझ्या ५ मिनिटं १२ सेकंदांवर बेसचा एक आवाज एका बाजूला घसरतो आणि सहा सेकंद बेसूर राहून परत येतो. तू लिहिलंयस, ‘तिथे एक चूक राहिली आहे, दुरुस्त करतो.’ अरे, अख्ख्या अकरा मिनिटांत माझी मान वर झाली ती तिथे! तो आवाज असा घसरतो की तिने खोटं बोलल्याचं तिच्या आधी आपल्याला कळतं. दुरुस्त करू नकोस. सगळ्याच चुका ठेवायच्या असं मी म्हणत नाही. तुझ्या नवव्या मिनिटाला ड्रम मशीन मागे पडतंय, ती नुसतीच चूक आहे, ती काढ. फरक कसा ओळखायचा? चूक वाजते तेव्हा नजर पडद्याकडे जाते की स्पीकरकडे, एवढं बघ.

माझी स्वतःची चूक सांगतो, पडद्याकडे न जाणारी. पहिल्याच मोठ्या कामात मी रात्रीच्या एका प्रसंगाला साठ हर्ट्झचा ड्रोन, म्हणजे सलग चालणारा खोल सूर, लावला होता. घरचे स्पीकर मूठभर, खालचा आवाज त्यांच्यातून निघेच ना. म्हणून वाढवत गेलो. मिक्सिंगला मोठ्या स्पीकरवर ते वाजलं आणि टेबलावरचा काचेचा पेला थरथरत कडेकडे चालू लागला. दोन नटांचं कुजबुजीतलं बोलणं पार बुडालं. मिक्सिंग करणारा गृहस्थ काही न बोलता माझा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) खाली, खाली, आणि शेवटी तळाला घेऊन गेला. मग म्हणाला, ‘ऐकू येत नव्हतं म्हणून वाढवलंत ना?’ दिग्दर्शक मागच्या खुर्चीवर होता. त्या प्रसंगाला अंतिम प्रिंटमध्ये माझं संगीत नाही, आणि प्रसंग उत्तम आहे. माझ्या तीन रात्री गेल्या, त्याचं मात्र अजून वाईट वाटतं.

तेव्हा खालचं जे काही लावशील ते दोन-तीन वेगळ्या ठिकाणी ऐक, हेडफोनवरही. आणि वरच्या बाजूलाही सांभाळ. फिल्टर सताड उघडा असलेला पॅड दोन हजार हर्ट्झच्या वर पसरतो आणि तिथेच बोलण्यातली व्यंजनं असतात. स्वर कळतात, शब्द कळत नाहीत, आणि दिग्दर्शक म्हणतो, ‘संगीत जरा कमी करा.’ कमी करायची गरज नसते. बोलणं सुरू झालं की कटऑफ खाली घे, संपलं की सोड. पॅड तोच, पातळीही तीच, फक्त तो बाजूला सरकून उभा राहतो.

‘ऐंशीच्या दशकाचा फील हवा’ म्हणून तू टेपची खरखर लावली आहेस. दिग्दर्शकाने मागितली असेल तर नाइलाज, नाहीतर काढ. त्या काळातल्या संगीतकारांना जुना फील नको होता, खरखर घालवायला ते पैसे मोजत होते. त्यांच्याकडून घ्यायचीच असेल तर अडचण घे. सुरुवातीच्या मूग सिंथवर एका वेळी एकच सूर वाजायचा. संगीतकार वेंडी कार्लोसने १९६८ साली बाखच्या रचना त्यावर वाजवल्या त्या एकेक ओळ टेपवर चढवत. पुढे सिनेमासाठी त्याच यंत्राने बेथोव्हेन वाजवला. एक सूर वाजवताना दुसरा मिळणार नसेल तर त्या एकाचं काय करायचं याचा विचार माणूस आपोआप करतो. तू पुढचे दोन आठवडे सिंथ मोनो मोडवर, म्हणजे एका वेळी एकच सूर, असा ठेव.

दिग्दर्शक जॉन कार्पेंटरने स्वतःच ‘हॅलोवीन’ या भयपटाचं (१९७८) संगीत तीन दिवसांत केलं. पाच मात्रांचा एक तुकडा आणि खाली सिंथचे मोजके सूर. पैसे आणि वेळ दोन्ही नव्हतं. संगीताशिवाय तो सिनेमा एका अधिकारी बाईंना दाखवला तेव्हा त्या जराही घाबरल्या नाहीत, असं त्यानेच सांगून ठेवलंय. ही गोष्ट संगीतकार मंडळी फार आवडीने सांगतात. मला वाटतं तिचा अर्थ लोक अर्धाच घेतात. त्या सिनेमात संगीत गप्प बसतं त्या जागाही तितक्याच नेमक्या आहेत. तुझ्या अकरा मिनिटांत शांतता किती आहे माहीत आहे? मी मोजली. चौदा सेकंद, आणि त्यातले नऊ शीर्षकाआधीचे.

टेम्प ट्रॅकबद्दल, म्हणजे संपादन करताना तात्पुरतं लावलेल्या दुसऱ्याच्या संगीताबद्दल, विचारलं होतंस. एकदा ऐक, दिग्दर्शकाला त्यात नेमकं काय आवडलं ते विचार, आणि मग फाइल स्वतःकडे ठेवूच नकोस. बहुतेक वेळा त्यांना वेग आवडलेला असतो, आवाज नाही. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या तर मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत बारा फ्रेमला एक ठोका पडतो, ९०च्या लयीत सोळा फ्रेमला. संपादकाला कट कुठे आहेत ते विचारून लय आधी ठरव, म्हणजे निम्मी भांडणं होणारच नाहीत.

पुढचा कट पाठवशील तेव्हा जास्तीत जास्त सहा ट्रॅक. कॉरिडॉरला तो दोन ऑसिलेटरचा हेलकावा ठेव, पण ती दाराच्या कडीला हात लावते तिथे, ४ मिनिटं १० सेकंदांवर, सगळं बंद. रिव्हर्बची शेपटीसुद्धा नको. कडीचा खडखडाट ध्वनीवाल्याने फार सुंदर पकडलाय, तुझ्या पॅडखाली तो आजवर कुणाला ऐकूच आलेला नाही.

तुझा,
एक जुना वाजवणारा

ता.क. ५ मिनिटं १२ सेकंदांवरच्या त्या घसरत्या बेसचं सेटिंग सेव्ह केलंयस का? नसेल तर आत्ताच्या आत्ता ऑडिओ म्हणून रेकॉर्ड करून ठेव. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) करताना लुई आणि बीबी बॅरन हे जोडपं आपली सर्किटं स्वतः बनवायचे. त्या सर्किटांवर इतका ताण द्यायचे की ती आवाज करत करत जळून जायची, आणि तो आवाज पुन्हा कधीच निघायचा नाही. म्हणून टेप आधी फिरत ठेवायची. श्रेयनामावलीत त्याला ‘संगीत’ म्हणायला परवानगी मिळाली नाही, ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ असं छापलं गेलं. पण टेपवर आवाज होता.