बटेरांना न पकडता त्यांची पारख

प्रश्न : गोठ्याच्या एका बाजूला मी जपानी बटेर पाळले आहेत. दर आठवड्याला पकडून वजन करतो, पण त्यानंतर पक्षी बिथरलेले राहतात आणि काहींच्या टाळूची साल निघाली आहे. हात न लावता त्यांची प्रकृती कशी ओळखावी? (एक वाचक, साकोली तालुका, जि. भंडारा)

उत्तर : पक्षी हातात धरल्यावर साधारण तीन मिनिटांतच त्याच्या रक्तातील ताणाचे संप्रेरक वाढू लागते, त्यामुळे पकडून केलेल्या तपासणीत आपल्याच धरपकडीची भीती मिसळलेली असते. वजनाऐवजी उरलेले खाद्य तोलावे. प्रौढ बटेर दिवसाला सुमारे 20 ते 25 ग्रॅम खातो आणि खाणे घटले की काहीतरी बिनसले आहे, असे समजावे.

दचकलेला बटेर सरळ वर उसळतो, म्हणून टाळूची जखम बहुधा छताच्या जाळीची असते. छताखाली मऊ जाळे ताणावे. मानेमागची पिसे उपटलेली दिसली, तर मात्र नर जास्त झाले आहेत असा संशय घ्यावा. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात. नराची छाती तांबूस व मादीची ठिपकेदार असल्याने ही मोजणी लांबूनही होते.

माझ्या मते सर्वांत स्वस्त आणि भरवशाची खूण अंड्याच्या कवचावर मिळते. बटेर बहुतेक अंडी दुपारनंतर घालतात आणि कवचावरचे ठिपके शेवटच्या काही तासांत उमटतात. घाबरलेल्या मादीने अंडे रोखून धरले, तर त्या ठिपक्यांवर चुन्याचा जादा थर बसून ते खडूसारखे पांढरट दिसते. एखाद्या मादीचे अंडे मुळातच फिकट असते, तिचा विचार करू नये. पण एरवी ठिपकेदार अंडी देणाऱ्या अनेक माद्यांची अंडी एकाच दिवशी पांढरट निघाली, तर आदल्या रात्री मांजर आले होते का, हे पाहावे.

विष्ठेजवळचा पांढरा फेस नराचा असतो, तो आजार नव्हे. उन्हाळ्यात दुपारी चोच उघडी ठेवून धापा टाकणारे पक्षी मोजावेत. आपण जाताच पक्षी गप्प होतात, म्हणून थोडा वेळ निश्चल बसून मगच नोंद घ्यावी.

पिसे फुलवून, डोळे मिटून एकटा बसलेला पक्षी मात्र वेगळा काढून पशुवैद्यकांना दाखवावा. तिथे हात लावण्यावाचून गत्यंतर नाही.