खुनाच्या खटल्यातला साक्षीदार मानसिक आजारावर उपचार घेत असेल तर त्याची साक्ष बाद होते का?

आपोआप नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 124 नुसार (जुन्या कायद्यात 118) प्रश्न समजत असतील आणि सुसंगत उत्तरं देता येत असतील, तर मनोरुग्णही साक्ष देऊ शकतो. ते ठरवतं न्यायालय. डॉक्टरांचं मत मदतीपुरतं. खरी कसोटी उलटतपासणीत लागते. घटनेच्या वेळी भास होत होते का, औषधाची गुंगी होती का, हे बचाव पक्ष विचारणारच, आणि ते रास्तही आहे. नुसतं ‘गोळ्या घेतो’ म्हणून साक्षीदाराला खोटं पाडणं मात्र लंगडा युक्तिवाद. शवविच्छेदन अहवाल, इतर साक्षी यांच्याशी जबाब ताडून पाहिला जातो. आरोपीच्या मनोविकलतेचा बचाव वेगळा: तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 खाली येतो आणि सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो.