अकरा तारखेनंतरची कोरी पानं

“कमावतो बऱ्यापैकी, पण महिनाअखेरीला हातात काही उरत नाही.” समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य किती जणांनी उच्चारलं असेल, याची मोजदाद मी केव्हाच सोडली. नुकतेच नोकरीला लागलेले तरुण हे म्हणतात, पन्नाशी गाठलेले गृहस्थ म्हणतात, घर आणि कार्यालय दोन्ही चोख सांभाळणाऱ्या स्त्रियाही म्हणतात. मागोमाग, आवाज जरा खाली येऊन, दुसरं वाक्य येतं : “माझ्यात निग्रहच नाही.” पहिलं वाक्य खरं असतं. दुसरं मला बहुतेक वेळा पटत नाही. ज्याने ते माझ्यासमोर खोडून दाखवलं, त्याची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्याआधी एक स्पष्ट करायला हवं. ज्यांची मिळकत रोजच्या गरजांनाच पुरत नाही, त्यांच्यासाठी हे लिखाण नाही. तिथे अडचण पैशाची असते, मनाची नसते. अशा माणसाला ‘बचतीची सवय लावा’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तर तो. तिशी ओलांडलेला, एकटा राहणारा, चांगल्या हुद्द्यावरचा. पहिल्याच भेटीत त्याने पिशवीतून चार वह्या काढून टेबलावर ठेवल्या. “मी प्रयत्न केले नाहीत असं तुम्हाला वाटू नये, म्हणून आणल्या.” चारही वह्या खर्चाच्या. रेघा आखलेल्या, रकाने पाडलेले, अक्षर सुबक. प्रत्येक महिन्याच्या एक तारखेपासून सुरुवात. कुठे आठ तारखेपर्यंत, कुठे पंधरापर्यंत नोंदी, आणि मग कोरी पानं. पुढच्या एक तारखेला पुन्हा सुबक अक्षर.

लिहिलेली पानं तो मला समजावून सांगत होता. माझी नजर मात्र कोऱ्या पानांवर अडकली होती.

“इथे काय झालं?” मी एका पानावर बोट ठेवलं.

“अकरा तारखेला घड्याळाचा पट्टा घेतला. गरज नव्हती. राहवलं नाही.”

“फार महाग होता?”

“नाही हो मॅडम. किरकोळ.”

“मग बारा तारीख का लिहिली नाहीत?”

त्याला प्रश्नच कळला नाही. “आता काय लिहायचं? बिघडलाच ना महिना.”

“आणि उरलेल्या एकोणीस दिवसांत?”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग एकेक आठवत गेला. हेडफोन. एक बॅग, घरात दोन असताना. बूट. “महिना तसाही गेलाच होता. म्हटलं, पुढच्या एक तारखेपासून नीट सुरू करू.”

मी त्याच्यापुढे कागद सरकवला आणि दोन आकडे मांडायला सांगितले : पट्ट्याची किंमत, आणि पट्ट्यानंतरच्या एकोणीस दिवसांतला बिनगरजेचा खर्च. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ चाळीसपट निघाला. तो आकड्यांकडे पाहत राहिला. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने जिभेला आवर घालायचा असतो, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मी तेव्हा बोलले असते, तर पुढचं वाक्य माझं झालं असतं. ते त्याचं झालं :

“म्हणजे हे पट्ट्याने नाही केलं. ‘बिघडलाच’ने केलं.”

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण थोडेच आले, आणि त्यांतला हा मी जपून ठेवला आहे. चार वह्या भरून तो ‘पट्टा का घेतला’ याचाच विचार करत होता. पैसे गेले होते पट्ट्यानंतर, आणि तो भाग वहीत नव्हताच. वही बंद केली की खर्चावरची नजरही बंद व्हायची. तेच दिवस सगळ्यात महागात पडायचे.

माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत १९५५च्या सुमारास मांडायला घेतली. तिचा गाभा सोपा आहे. घटना आणि आपलं वागणं यांच्यामध्ये एक वाक्य असतं, आपण स्वतःशीच बोललेलं. ते सापडलं की बदलता येतं. मराठीत तर अशी वाक्यं ओळखायची सोय एका अक्षरात आहे : ‘च’. ‘मी काटेकोर राहायलाच हवं.’ ‘मला ते आत्ताच हवं.’ ‘बिघडलाच महिना.’ यांतला ‘च’ काढून वाक्य पुन्हा मोठ्याने म्हणून पाहा. ‘मी काटेकोर राहिलो तर बरं.’ इच्छा तीच राहते, फक्त तिचा हुकूम होत नाही. हुकूम मोडला की माणूस गुन्हेगार ठरतो, आणि गुन्हेगार ठरलेल्या माणसाला सावरण्यापेक्षा सगळं सोडून देणं सोपं वाटतं.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी नेमकं हेच दाखवून दिलं. दारू सोडलेल्या माणसाच्या हातून एकदा चूक झाली, तर पुढे तो पूर्ण घसरतो की सावरतो, हे त्या पहिल्या घोटापेक्षा त्याने घोटाचा काय अर्थ लावला यावर फार अवलंबून असतं. ‘चुकलो, कारण त्या वेळी एकटा होतो’ म्हणणारा सावरू शकतो. ‘मी असाच आहे’ म्हणणारा बाटली संपवतो. खर्चाचंही तसंच आहे.

सवयीच्या बाबतीत आणखी एक दिलासा मी सगळ्यांना देते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली. सवयी खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या होत्या, बचतीच्या नव्हत्या. सवय अंगवळणी पडायला, सगळ्यांतला मधला आकडा धरला तर, ६६ दिवस लागले, पण कुणाला १८, तर कुणाला २५४ दिवस लागतील असं हिशेब सांगत होता. मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे : मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यावर त्याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. त्याला हे सांगितलं तेव्हा त्याने विचारलं, “एक दिवस चुकला तर खरंच चालतं?” आयुष्यात पहिल्यांदाच कुणी तसं सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

यानंतरच्या भेटींत आम्ही त्याच्या आणखी एका वाक्याला हात घातला : ‘राहवलं नाही.’

“किती वेळ राहवत नाही?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“पाच मिनिटं? दोन तास? रात्रभर?”

हे त्याने कधी मोजलंच नव्हतं. कसं मोजणार? ओढ लागली की तो लगेच घ्यायचा, त्यामुळे न घेता ती ओढ किती टिकते, हे कळायची वेळच यायची नाही. मी त्याला गृहपाठ दिला. फोनवर काही घ्यावंसं वाटलं की ती वस्तू नुसती निवडून ठेवायची, समोर घड्याळ ठेवायचं, आणि दर पाच मिनिटांनी कागदावर लिहायचं की ओढ दहापैकी किती आहे. न घेण्याचं बंधन नाही. मोजून झाल्यावर घ्यायची असेल तर खुशाल घ्या.

दोन आठवड्यांनी तो सहा कागद घेऊन आला. पहिल्यावर ओळीने नऊ, नऊ, सात, पाच, तीन असे आकडे, आणि खाली लिहिलेलं : “कंटाळा आला, झोपलो.” सहापैकी चार वेळा ओढ अर्ध्या तासाच्या आत ओसरली होती. दोनदा त्याने वस्तू घेतली. मी त्या दोन वेळांचा बाऊ केला नाही. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. ‘मला राहवत नाही’ हे वाक्य त्याच्याच हस्ताक्षरात खोटं ठरलं होतं. राहवणं त्याला जड जात होतं, पण जमत होतं. जड जाणं आणि न जमणं यांतला फरक एकदा स्वतः अनुभवला, की माझ्यासारखीने समजावण्याची गरज उरत नाही.

कागदांत आणखी एक गोष्ट दिसली. सहाही नोंदी रात्री दहानंतरच्या होत्या, थकून एकटं पडल्यावरच्या. म्हणून फोनमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील त्याने पुसून टाकले, खरेदीच्या ॲपच्या सूचना बंद केल्या. दर वेळी उठून पाकीट आणायचं आणि आकडे भरायचे, एवढा अडथळा पुष्कळदा पुरतो. मनोनिग्रहाची परीक्षा रोज द्यायची कशाला? जिथे दारच बंद करता येतं, तिथे ते बंद करावं.

प्रत्यक्ष बचतीबद्दल मी कमी बोलते, कारण तिथे फार बोलण्यासारखं नसतं. उरलेलं बाजूला टाकू म्हणणाऱ्याचं सहसा उरत नाही. पगार जमा होईल त्याच दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात जाईल अशी सूचना बँकेला द्यावी, आणि त्या खात्याचं कार्ड जवळ बाळगू नये. रक्कम किती? त्याने उत्साहाने पगाराचा तिसरा हिस्सा म्हटलं. मी विसावा हिस्सा म्हटलं. महिन्याच्या मध्यावर परत काढावी लागणार नाही इतकी लहान रक्कम, हा माझा निकष. मग पगारवाढ होईल तेव्हा वाढीतला काही भाग तिकडे वळवायचा. हातात आलेले पैसे सोडणं दुखतं, अजून न आलेले सोडणं तितकं दुखत नाही. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थतज्ज्ञांनी हीच योजना अमेरिकेतल्या एका कंपनीत राबवली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, योजनेतल्या कर्मचाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. त्या माणसांना कुणी निग्रहाचे धडे दिले नव्हते. मात्र क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर अडीअडचणीपुरती थोडी रक्कम बाजूला ठेवून आधी ती फेडावी. त्या व्याजापुढे बचतीवरचं व्याज टिकत नाही.

एक सावधगिरीचा शब्द. काही दिवस झोपेची गरजच वाटत नाही, उत्साह मावत नाही, बोलणं थांबत नाही आणि त्याच दिवसांत पैसा वाहतो, असं होत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटा. तो आजार असू शकतो, आणि त्यावर वह्या आणि घड्याळं पुरी पडत नाहीत.

पाच महिन्यांनी आम्ही शेवटचं भेटलो. बचतखात्यातली रक्कम त्याने सांगितली, मी अभिनंदन केलं. पण ती सांगायला तो आला नव्हता. त्याने पाचवी वही उघडली. अक्षर आता तितकं सुबक नव्हतं, काही नोंदी घाईत खरडलेल्या. अकरा तारखेला लिहिलं होतं : ‘टेबलावरचा दिवा. गरज नव्हती. घेतला.’

त्याने त्या ओळीखाली बोट ठेवलं. तिथे बारा तारीख होती, आणि पुढे : ‘बसचं तिकीट.’