वाचकांचे प्रश्न: नेटहॅकमधला देव का रागावतो?

प्रश्न: नेटहॅक या संगणकावरच्या भुयारी साहसखेळात मरायला टेकल्यावर प्रार्थना केली की देव वाचवतो, असं ऐकलं होतं. एकदा वाचलो. पुढच्या वेळी देव रागावला आणि खेळ तिथेच संपला. हा निव्वळ नशिबाचा भाग आहे का?

उत्तर: नाही, हा हिशेब आहे, फक्त पडद्यावर दिसत नाही. आकडे खेळाच्या 3.6 या आवृत्ती-मालिकेतले देतो. प्रार्थनेचा एक काउंटर असतो. तो 300 पासून सुरू होतो आणि साधारणपणे दर टर्नला (खेळातल्या चालीला) एकने उतरतो. मोठ्या संकटात तो 200 किंवा कमी असला तरी चालतो, छोट्या संकटात 100 पर्यंत उतरलेला लागतो. प्रार्थना फळली की तो पुन्हा चढतो, बहुतेकदा 50 ते 1000 च्या दरम्यान कुठेही. म्हणून दोन प्रार्थनांत हजार टर्न जाऊ द्या. सेटिंगमधला 'टाइम' पर्याय सुरू केला की टर्न दिसतात. प्रार्थना केलेला टर्न कागदावर टिपून ठेवा.

दुसरी गफलत संकट ओळखण्यात होते. हिट पॉइंट (तुमच्यात उरलेला जीव) 5 किंवा त्याखाली, नाहीतर कमाल आकड्याच्या एक-सप्तमांशावर आले तरच ते मोठं संकट. 70 पैकी 12 उरले म्हणजे तुमची गाळण उडेल, देवाला काहीच वाटणार नाही. भुकेचंही तसंच: 'हंग्री' (भूक लागली) दिसताच हात जोडू नका, खा. खायला काही नसेल तर 'वीक' (भुकेने अशक्त) दिसेपर्यंत थांबा.

आणि शांत बसलेल्या प्राण्याला किंवा स्वतःच्या पाळीव कुत्र्याला मारलंत का? लक, म्हणजे खेळ आतल्या आत मोजतो तो नशिबाचा आकडा, घसरतं, आणि उणे लकवर प्रार्थना कधीच फळत नाही. ते 600 टर्नला एक या गतीने सावरतं. गेहेनममध्ये, म्हणजे खेळातल्या नरकात, तर प्रार्थनेचं नावच काढू नका.

प्रश्न: खेळायला टुरिस्ट हे पात्र घेतलं की दुकानदार जास्त पैसे का लावतात? शर्टावर चिलखत चढवलं तरी फरक नाही.

उत्तर: 15 वी लेव्हल गाठेपर्यंत टुरिस्ट गिऱ्हाईक म्हणजे एक-तृतीयांश जादा, शर्ट झाका वा न झाका. झाकण्याचा फायदा त्यानंतर.

प्रश्न: स्पर्शानेच दगड करणाऱ्या कॉकॅट्राइस या प्राण्याचं प्रेत हत्यार म्हणून वापरताना हातमोजे घातले होते. तरी दगड झालो!

उत्तर: बहुधा 'बर्डन्ड' (ओझं जास्त झालेलं) असताना जिना उतरलात. ओझ्याने तोल जातो, तुम्ही प्रेतावर पडता, आणि तिथे हातमोज्यांचा उपयोग नाही. खड्ड्यात पडलात तरी हेच. खेळाचा विनोद असा क्रूर, पण नियमाला धरून असतो. जिन्याआधी ओझं कमी करा, अनोळखी वाटेवर प्रेत हातातून काढून पिशवीत टाका. ते साधारण 250 टर्नमध्ये कुजून नाहीसं होतं, तेव्हा एखाद्या दांडग्या शत्रूसाठी जपून ठेवायच्या भानगडीत पडू नका.