लाटांचे फूट, लाटांचे सेकंद: हंटिंग्टन पिअरजवळच्या सर्फिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दक्षिण कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचच्या पिअरजवळ (खांबांवर उभा, समुद्रात शिरलेला लांब धक्का) सर्फिंगसाठी, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवरून धावण्यासाठी, लाटांचा अंदाज ४ फुटांचा होता, पण प्रत्यक्षात नुसता खळखळाट. दोन दिवसांनी ३ फूट लिहिलेलं आणि लाटा डोक्याएवढ्या! अंदाज चुकला का?

अंदाज चुकला नव्हता. फुटांच्या शेजारी लिहिलेले सेकंद वाचायचे राहून गेले. पाठोपाठच्या दोन लाटांमध्ये किती सेकंद जातात, त्यावर लाटेची लांबी ठरते. सेकंदांच्या वर्गाला १.५६ ने गुणलं की खोल समुद्रातली लांबी मीटरमध्ये मिळते. ८ सेकंदांची लाट साधारण १०० मीटर लांब, १६ सेकंदांची ४०० मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीवर लाटेला तळ लागायला सुरुवात होते. ८ सेकंदांच्या लाटेला तो ५० मीटरवर लागतो, १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटरवरच. म्हणून लांब लाट किनाऱ्याकडे येताना जास्त उंचावते. ७-८ सेकंदांची लाट बहुधा जवळच्या वाऱ्याने उठलेली, विस्कटलेली असते. १५-१७ सेकंदांची लाट दूरच्या वादळातून आलेली असते. उन्हाळ्यात ती न्यूझीलंडच्या दिशेच्या समुद्रातून आठवडाभराहून जास्त प्रवास करून पोहोचते. अशा लाटा गटागटाने येतात आणि मध्ये बराच वेळ पाणी शांत असतं. पाच मिनिटं बघून ‘आज काहीच नाही’ म्हणू नका, निदान वीस मिनिटं पाहा.

प्रश्न: पिअरच्या कोणत्या बाजूला उतरावं?

लाट कुठून येते ते आधी बघा. किनारा नैर्ऋत्येकडे तोंड करून आहे. उन्हाळ्यात दक्षिणेची लाट आली की दक्षिण बाजूला डावीकडे (बोर्डवरून किनाऱ्याकडे तोंड केल्यावरची डावी बाजू) धावणाऱ्या लाटा मिळतात, अगदी पिअरच्या खांबांच्या दिशेने. हिवाळ्यात पश्चिम-वायव्येची लाट आली की उत्तर बाजूला उजवीकडे धावणाऱ्या. वायव्येच्या लाटेचा बराच भाग पॉइंट कन्सेप्शन हे भूशिर आणि बाहेरची बेटं अडवतात, त्यामुळे खुल्या समुद्रातल्या बॉयवरचा (लाटा मोजणारं तरंगतं यंत्र) मोठा आकडा इथे पूर्ण पोहोचत नाही.

मात्र दिशेपेक्षाही पाण्याखालचा वाळूचा दांडा महत्त्वाचा. सलग, सरळ दांड्यावर लांब लाट आली तर ती भिंतीसारखी एका दमात कोसळते, तिच्यावरून कुठेही धावता येत नाही. खांबांभोवती पाणी घुसळतं, वाळू उकरली जाते, शेजारी साचते. दांड्यात असे उंचवटे आणि खळगे तयार झाले की लाट एका टोकाकडून फुटत जाते. हे उंचवटे एका मोठ्या लाटेनंतर जागा बदलतात, म्हणून मागच्या महिन्याची उत्तम जागा या महिन्यात असेलच असं नाही. पिअरवर चढून वरून बघा: पांढरा फेस पुन्हापुन्हा जिथून सुरू होतो, तो उंचवटा.

प्रश्न: दिवसाची कोणती वेळ धरावी?

पहाट. तेव्हा मतलई वारा मंद असतो आणि लाटेचं तोंड गुळगुळीत राहतं. दुपारकडे खारे वारे सुटले की पाणी विस्कटतं. सॅन्टा ॲना वारे जमिनीकडून वाहतात. ते हलके असतील तर लाट उभी धरून ठेवतात, जोरात असतील तर लाटेवर चढतानाच बोर्ड मागे ढकलतात. भरतीबद्दल: इथे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, पण उंची सारखी नसते. उधाणाच्या पूर्ण भरतीला लाट दांड्यावरून न फुटता सरकते आणि किनाऱ्यालगत आपटते. पूर्ण ओहोटीला उथळ पाण्यात एकदम कोसळते. नवख्यांनी मधली, चढती भरती धरावी.

प्रश्न: बोर्डवर पडून हातांनी वल्हवत असताना आपोआप पिअरकडे सरकत गेले. काय करायचं?

दक्षिणेच्या लाटेने किनाऱ्यालगत प्रवाह वायव्येकडे वाहतो, म्हणजे दक्षिण बाजूला तुम्ही थेट खांबांकडे ढकलले जाता. उतरतानाच पिअरपासून शंभरेक मीटर दूर उतरा. किनाऱ्यावरची एक खूण धरा, टॉवर किंवा इमारत, आणि प्रत्येक लाटेनंतर तपासा. खांब जवळ येऊ लागले की लाटेची वाट बघत बसू नका. किनाऱ्याला समांतर, पिअरपासून दूर लगेच वल्हवा. खांबांवर शिंपल्यांचा धारदार थर असतो. त्याहून मोठा धोका बोर्ड पायाला बांधणाऱ्या दोरीचा: ती खांबाला गुंडाळली की लाट तुम्हाला तिथेच धरून ठेवते. घोट्यावरच्या पट्ट्याची सोडण्याची कडी एका हाताने, न बघता उघडता आली पाहिजे. हा सराव वाळूवर करून घ्या. खांबांच्या कडेने समुद्राकडे जाणारा प्रवाहही असतो. फेस बाहेरच्या दिशेने सरकताना दिसला, की तोच. सरावलेले लोक त्यावरून बाहेर जातात, नवख्यांनी तिथे जाऊ नये.

प्रश्न: काळा गोल असलेला पिवळा झेंडा कशासाठी?

तो फडकत असेपर्यंत त्या भागात कडक बोर्ड घेऊन उतरायला मनाई. पाणी पोहणाऱ्यांसाठी राखलेलं असतं. झेंडा उतरेपर्यंत थांबा.