‘लोगन’ थिएटरला बघितलेल्यांनी सांगा, पुण्यात पब्लिकची रिॲक्शन कशी होती? एवढी मारकाट लोकांना पचली का? (मी घरी एकट्यानेच बघितला.)

मी बघितलाय थिएटरला, मार्च २०१७, कोथरूडमधल्या एका मल्टिप्लेक्सला, रविवार दुपारचा शो आणि जवळजवळ हाऊसफुल. पचली का विचाराल तर सगळ्यांना नाही पचली, आणि ज्यांना नाही पचली त्यांनीच तो पिक्चर नीट बघितला असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही बघितलाय म्हणून स्टोरी उघड लिहितोय, बाकीच्यांनी इथेच थांबा.

एक तर लोक काय डोक्यात घेऊन आले होते ते बघा. ह्यू जॅकमन २००० सालापासून वुल्व्हरिन, म्हणजे मुठीतून धारदार पंजे निघणारा सुपरहिरो लोगन, करत होता आणि इतक्या वर्षांत ते पंजे शेकडो वेळा बाहेर आले असतील पण रक्त असं दिसायचंच नाही, कारण त्याचे आधीचे पिक्चर अमेरिकेत पीजी-१३, म्हणजे शाळकरी पोरांनाही चालतील असे. त्यात वर्षभर आधी, फेब्रुवारी २०१६ ला डेडपूल हा सुपरहिरो पिक्चर येऊन गेलेला, तोही लोगनसारखा आर रेटिंगवालाच, म्हणजे मोठ्यांसाठीचा, आणि मी तो याच थिएटरला बघितलेला, तिथे माणसं कापली जात होती आणि अख्खं थिएटर खदाखदा हसत होतं, मीसुद्धा. त्यामुळे लोगनलाही सगळे तीच मजा करायला आले होते. सुरुवातीला तो दारू पिऊन लिमोझिनमध्ये झोपलाय आणि टोळकं गाडीची चाकं काढतंय, तो खडबडून बाहेर आला तशा शिट्ट्या सुरू, मागच्या रांगेतली कॉलेजची पोरं तर ओरडायलाच लागली. मग पंजा एकाच्या डोक्यातून आरपार गेला आणि शिट्ट्यांच्या मधेच कुठूनतरी "आई गं" असं ऐकू आलं. तिथून पुढे थिएटर दोन गटांत वाटलं गेलं ते शेवटपर्यंत.

लॉरा, म्हणजे लोगनसारखेच पंजे असलेली छोटी पोरगी, तिच्या पहिल्या फाइटला सगळ्यात जास्त आवाज झाला. ती कापलेलं मुंडकं हातात घेऊन बाहेर येते आणि व्हिलनच्या पायाशी सोडते, मागची पोरं अक्षरशः उभी राहिली. माझ्या शेजारी माझी ताई होती, तिला कॉमिक्सशी काही देणंघेणं नाही, मीच आग्रह करून आणलेलं. तिने खुर्चीचा हात घट्ट धरलेला. नंतर घरी जाताना म्हणाली, ती पोरगी ओरडत होती ना, मला ते रडणंच वाटलं रे. शूटिंगच्या वेळी लॉरा करणारी डॅफ्नी कीन फक्त ११ वर्षांची होती, आणि ताईचं ऐकल्यापासून तो सीन मला परत कधीच ॲक्शन सीन वाटला नाही.

आता जे मला अजून आठवतं ते सांगतो. आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले. त्या पोराने कोल्ड्रिंकचे तीन स्ट्रॉ बोटांच्या बेचक्यांत अडकवून पंजा केलेला आणि जाहिराती चालू असल्यापासून तो हवेत वार करत होता. बाबा मधेमधे त्याच्या डोळ्यांवर हात धरायचे, तो मान वाकडी करून बघायचाच. मग ते फार्महाऊस आलं, ज्या कुटुंबाने लोगन-लॉराला घरी बोलावून जेवू घातलं त्यांनाच रात्री तो लोगनसारखा दिसणारा क्लोन मारतो, त्यांच्या मुलालासुद्धा. सगळं चिडीचूप, आणि त्या शांततेत या पोराचा आवाज, "बाबा, त्यांनी तर जेवायला दिलं होतं ना?" बाबा काही बोलले नाहीत, त्याला उचललं आणि बाहेर गेले, परत आले नाहीत. मागच्या पोरांनी त्यानंतर एकही शिट्टी मारली नाही.

याचा मला राग आहे आणि तो त्या बाबांवर कमी, गेटवर तिकीट बघणाऱ्यांवर जास्त. अमेरिकेत आर म्हणजे १७ च्या खालचं मूल आईवडील किंवा मोठं माणूस सोबत असेल तर जाऊ शकतं. आपल्याकडे ए सर्टिफिकेट म्हणजे १८ च्या खालच्यांना प्रवेशच नाही, सोबत कोणीही असो. लोकांना ही दोन्ही एकच वाटतात, पोस्टरवर सुपरहिरो दिसला की मुलांचा पिक्चर असं धरून चालतात, पण थिएटरवाल्यांना तर नियम माहीत असतो ना.

कॉमिक्सवाल्या मित्रांची रिॲक्शन वेगळीच, ते बाहेर पार्किंगमध्ये भांडत होते की हा ‘ओल्ड मॅन लोगन’ नाहीच. मार्क मिलर आणि स्टीव्ह मॅकनिव्हनच्या त्या कॉमिकमध्ये (२००८-०९) हल्कची टोळी आहे, आंधळा झालेला हॉकआय आहे, पण हल्क-हॉकआयचे हक्क पिक्चर बनवणाऱ्या फॉक्स कंपनीकडे नव्हतेच तर ते आणणार कुठून? पिक्चरने त्यातला थकलेला म्हातारा आणि रस्त्यावरचा प्रवास घेतला, आणि लॉरा तर मुळात २००३ च्या कार्टूनमधून आली, कॉमिकमध्ये नंतर. मला हे जुळवलेलं मूळ कॉमिकपेक्षा जास्त भिडलं, कॉमिकमध्ये रक्त कमी नाही पण माणूस मेल्यावर मागे उरणाऱ्यांसोबत आपण थांबत नाही. इथे लॉरा लोगनच्या थडग्यावरचा क्रॉस काढून तिरका करून एक्स करते तेव्हा मागून नाक ओढल्याचा आवाज येत होता, बहुतेक त्याच पोरांपैकी कोणीतरी.

पुढे ब्लॅक अँड व्हाइट व्हर्जन पण आली, लोगन नॉयर. ताईला म्हटलं यात लाल काही दिसत नाही, ये बघायला, तर आली, बसली, आणि फार्महाऊसवर ते सगळे जेवायला बसल्याबरोबर पाणी आणते म्हणून आत गेली ती तो सीन संपेपर्यंत बाहेर आली नाही.